टाकाईच्या काठावरची चूल

बाटली बुडवू नका हो टाक्यात. तळाचा खडा न् खडा दिसतोय म्हणून पाणी चांगलं, असं नसतं. काठावर ही काळी पडलेली चूल आहे ना, तिच्यावरच्या हंड्यातलं प्या. उकळून निववलेलं आहे. आम्ही टाकाईला, या टाक्याच्या देवीला, स्नानसुद्धा याच पाण्यानं घालतो. मी इथली गुरवीण. चाळीस वर्षं हेच सांगतेय, जीभ झिजली माझी, पण येणाऱ्याचा हात आधी टाक्याकडेच जातो. बसा घटकाभर, सांगते.

फार मागची गोष्ट. असं सांगतात, की पावसाळा लागला की या गावातल्या लेकरांची पोटं बिघडायची. पोट फुगायचं, घाण वासाचे पातळ जुलाब व्हायचे, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. बघता बघता पोर वाळून जायचं. गावाला औषध एकच ठाऊक, टाकाईचं तीर्थ. म्हणजे टाक्यातलं गार पाणी. पोर जास्त आजारी, तर तीर्थ जास्त. आणि पोरांची घाण झालेली दुपटीही या काठावरच धुवायची, देवी दुखणं ओढून घेईल म्हणून. ते पाणी ओघळून पुन्हा टाक्यातच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, सगळं भक्तीनंच चाललं होतं.

साळू म्हणून एक बाई होती. तिची चार लेकरं अशीच गेली. पाचवी सगुणा, दीड वर्षाची, तीही त्याच वाटेला लागली. साळूला आता रडायचंही त्राण नव्हतं. नुसती बसून विचार करायची. तेव्हा तिच्या ध्यानात आलं म्हणे, की बाळंतिणीला सव्वा महिना उकळलेलंच पाणी देतात, आणि त्या सव्वा महिन्यात आपलं पोट कधी बिघडलं नाही. टाक्याची पूजा करून गार पाणी सुरू केलं, की पंधरा दिवसांत मुरडा. पाचही बाळंतपणांत तसंच झालं होतं.

मग तिनं पोरीसाठी पाणी उकळायला ठेवलं, आणि गाव खवळलं. बाळंतिणीचं पाणी विटाळाचं, त्यात देवी नसते, असं मानायचे. एरवी टाक्यातलं पाणी म्हणजे साक्षात टाकाई. तिला विस्तवावर ठेवायचं? तेव्हाचा गुरव, आमच्याच घरातला, म्हणाला की देवीला चटका बसेल, तिच्या तांदळ्यावर, म्हणजे पूजेच्या दगडावर, फोड उठेल आणि गावाचं वाटोळं होईल. साळूनं वाद घातला नाही. हंडा उचलून इथं आणला, देवीसमोर तीन दगड मांडले आणि जाळ घातला.

"आई, चटका बसला तर फोड माझ्या अंगावर उठू दे," ती म्हणाली. "पण ही पोर मी तुला देणार नाही."

पाणी खळखळा उकळायचं, झाकून निववायचं, तेच पोरीला पाजायचं. दुपटी लांब खालच्या उतारावर धुवायची, हात राखेनं घासायचे. गाव रोज येऊन देवीच्या तांदळ्यावर फोड शोधायचं. दगड होता तसाच. हळूहळू पोरीचे जुलाब थांबले, आणि महिन्याभरानं तिनं भाकरीला हात घातला. बायका साळूची ओटी भरायला आल्या. साळू मात्र चुलीपाशी मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मूठभर काटक्यांचं काम होतं?"

दवाखान्यातल्या नर्सबाई सांगतात, डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते फडक्यानं गाळून जात नाहीत, उकळीच लागते. जुलाब लागले तर औषधही घ्यावं लागतं. बाई शिकलेल्या आहेत, खरंच सांगतात. साळूला मात्र हे सांगायला कुणी नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आजही या काठावर कुणी दुपटी धूत नाही. सव्वा महिन्यानं बाळंतीण इथं येते ती घागर बुडवायला नाही, चूल पेटवायला. जाळ लावण्याआधी ती चुलीत चार काटक्या ठेवते, एकेक करून. साळूच्या त्या चार लेकरांच्या. त्यांची नावं आता कुणालाच ठाऊक नाहीत, म्हणून ती गप्पच राहते.