कारलं बहुमताने निवडून आलं

वाघझिरे गावच्या निवडणुकीत शंभरांपैकी बाराच माणसांना हवे असलेले हैबतराव निवडून आले आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

निवडणूक होती पाटकऱ्याची, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेताशेताला वाटून देणाऱ्या माणसाची. हैबतराव हे भद्रसेन महाराजांचे मेहुणे. शेतीशी त्यांचा संबंध हुरडा खाण्यापुरता. त्यांच्याकडे चाळीस बदकं होती आणि त्यांना पोहायला मोठं तळं हवं होतं. निवडणुकीआधी ते गावच्या आठही आळ्यांत फिरले आणि प्रत्येक आळीत एकेका जाणत्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारखा पाटकरी होणे नाही." झालं! आपल्या आळीचा माणूस सोडून दुसऱ्याला मत देणं म्हणजे वाघझिऱ्यात नाक कापून घेणं. आठ आळ्यांचे आठ उमेदवार उभे राहिले. मत म्हणजे उमेदवाराच्या मडक्यात टाकलेला खडा; असे अठ्ठ्याऐंशी खडे आठ मडक्यांत अकरा-अकरा पडले. हैबतरावांच्या मडक्यात त्यांच्या घरच्या गड्यांचे बारा. दुसऱ्याच दिवशी पाटाचं पाणी तळ्याकडे वळलं.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भाजी चिरणारी ठकू याच गावची. घरचा कांदा वाळायला लागलेला पाहून ती थेट दरबारात गेली.

"महाराज, अठ्ठ्याऐंशी मानसांना हैबतराव नगं हायेत."

"पण जास्त खडे कुणाचे?" भद्रसेन महाराज म्हणाले. ही पद्धत त्यांनी स्वतः काढली होती, त्यामुळे तिच्यावर त्यांचा फार जीव. "बारा मोठे की अकरा? माझी पद्धत चुलीपासून सिंहासनापर्यंत कुठेही लावा, न्यायच होईल."

"चुलीला बी लावू?"

"खुशाल लाव."

ठकूने मुजरा केला आणि मुदपाकखान्यात सहा मडकी मांडली. राजवाड्यात जेवणारी माणसं चव्वेचाळीस. प्रत्येकाने एक खडा टाकायचा, ज्याला जास्त खडे तेवढंच त्या दिवशी शिजणार. पुरणपोळीला आठ पडले, बासुंदीला आठ, श्रीखंडाला सात, पिठल्याला सहा, भरताला सहा. राजवैद्य आणि त्यांचे आठ शिष्य यांनी मात्र एकदिलाने कारल्याला खडे टाकले. नऊ!

महाराजांच्या ताटात कारल्याची भाजी आली. सोबत कारल्याची कोशिंबीर आणि वाटीत कारल्याचा रस. महाराजांनी न्यायासाठी म्हणून गिळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारलं जिंकलं, तिसऱ्या दिवशीही. बासुंदीवाले पुरणपोळीवाल्यांना म्हणत, "तुम्ही आमच्याकडे या," आणि पुरणपोळीवाले म्हणत, "आधी तुम्ही या." राजवैद्य तेवढे दोन्ही वेळा वाढून घेत होते. राणीसाहेब माहेरी निघून गेल्या.

चौथ्या दिवशी महाराजांनी ताट सरकवलं आणि ठकूला बोलावलं. "हे कारलं आवडतं तरी कुणाला?"

"नऊ जनांना, महाराज."

"आणि खपत नाही असे किती?"

"ते इचारायचं आपन सांगितलं न्हवतं."

महाराजांना समजलं होतं, पण राजाने चूक कबूल करायची कशी? म्हणून त्यांनी आडवळणाने अट घातली. "माझा शब्द बदलणार नाही. ज्याच्या मडक्यात जास्त खडे, तोच जिंकणार. एकही पदार्थ काढायचा नाही, राजवैद्यांना गप्प बसवायचं नाही, कुणाला धमकी नाही की लालूच नाही. एवढं सांभाळून कारलं हरवून दाखव. जमलं, तर तुझ्या गावात पुन्हा निवडणूक घेईन. नाही जमलं, तर पाच वर्षं पाणी बदकांचं!"

कांदा पाच दिवससुद्धा थांबणार नव्हता. ती उठली, नदीकाठी जाऊन पाटीभर खडे घेऊन आली आणि प्रत्येकाच्या ओंजळीत सहा-सहा खडे ठेवले.

"जे ताटात आलं तर तुमी उठून जानार न्हाई, त्या दर मडक्यात एकेक खडा टाका," ती म्हणाली. "एकात टाका न्हाईतर पाचात, पन एका मडक्यात एकच."

"थांब," महाराज म्हणाले. "माणशी एक खडा!"

"आपला हुकूम जास्त खड्यांचा हाय. मानशी एकच, असं आपन कधी म्हनला? ते आमीच धरून चाललो."

महाराजांनी निवडणुकीचा आपला हुकूम पुन्हा वाचून घेतला. तसं खरंच कुठे नव्हतं.

मडकी उपडी केली. कारल्याला तेच नऊ खडे. राणीसाहेब माहेरी, तरी बासुंदीला बेचाळीस! राजवैद्यांनी वळून आपल्या आठ शिष्यांकडे पाहिलं. आठही जण जमिनीकडे बघत होते.

चार वाट्या बासुंदी पिऊन महाराज त्याच दुपारी वाघझिऱ्याला गेले. मडकी तीच नऊ, माणसं तीच शंभर; फक्त आता प्रत्येकाच्या हातात नऊ खडे होते. गावाने आधी आपल्या आळीच्या मडक्यात खडा टाकला, नाक शाबूत राहिलं. मग ज्याच्या हातून पाणी मिळालं तर चालेल त्याच्याही मडक्यात टाकला. कुंभारआळीचे सुभानजी शहाऐंशी खड्यांनी पाटकरी झाले. त्यांतले सहा खडे तर हैबतरावांच्याच गड्यांचे होते.

हैबतराव लालबुंद झाले. "माझ्यावर अन्याय झाला! हिने माझी माणसं फोडली!"

ठकूने त्यांचं मडकं त्यांच्यासमोर उपडं केलं. "मोजा, सरकार. तवाबी बारा हुते, आताबी बाराच हायेत. तुमचा एक तरी खडा आमी कमी केला का?"

महाराज असे हसले की त्यांची पगडी कलली. त्यांनी अंगावरचा शेला काढून ठकूला दिला आणि तिला मुदपाकखान्याची कारभारीण केलं.

"मात्र एक लक्षात ठेव," डोळे पुसत ते म्हणाले. "उद्यापासून माझ्या ताटात काय वाढायचं ते मी एकटाच ठरवणार."

ठकूने शेला खांद्यावर घेतला.

"लोकांना इचारून सांगते, महाराज."