पिल्लाची पहिली टेहळणी

एका जंगलात वानरांची एक टोळी राहत असे आणि तिच्या आसपासच हरणांचा एक कळप चरत असे. हरणांना वानरांची सोबत कशाला हवी, असं विचाराल, तर बाळांनो, तो मोठा सोयीचा शेजार होता. वानरं झाडावर खायची कमी आणि सांडायचीच जास्त! ती सांडलेली पानं, फळं हरणांच्या पोटात जात. शिवाय एक वानर नेहमी उंच शेंड्यावर टेहळणीला बसे. बिबट्या दिसला की ते "खकर! खकर!" असा गलका करी, मग वरची नि खालची सगळीच जिवानिशी सुटत.

एके दिवशी टेहळणीची पाळी म्होरक्याच्या पिल्लाची आली. जन्मात पहिल्यांदाच! गडी असा ताठ बसला की शेपटीसुद्धा हलवेना. डोळे ताणून पाहता पाहता त्याला लांब गवतात काहीतरी पिवळट, ठिपकेदार दिसलं. काळजात धस्स झालं. "खकर! खकर! बिबट्या!" हरणं चौखूर उधळली, वानरं तोंडचा घास टाकून पळाली. मागाहून पाहतात तर काय, ते होतं एक वारूळ! पानांतून आलेल्या कवडशांनी त्यावर ठिपके उमटले होते.

मग काय, सगळ्यांनी पिल्लाला फाडून खाल्लं. "डोळे आहेत का भोकं?" म्होरक्या कडाडला. "टोळीत नाक कापलंस माझं!"

"अरे, त्या वारुळाला शेपूट किती लांब होतं रे?" बाकीचे खिदळले. पिल्लानं गुडघ्यांत तोंड खुपसलं. आता काही दिसलं तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

इतक्यात एक हरिणी झाडाखाली आली. "बाळा, जरा इकडे बघ."

"मावशी, तुम्हीपण रागवायला आलात ना?"

"रागवू कशाला? मी तर तुझे उपकार मानायला आलेय. माझं पाडस अजून धड पळत नाही, त्याला लपायला वेळ लागतो. तू इतक्या लांबचं पाहून ओरडलास, की खरा बिबट्या असता तरी आम्ही केव्हाच झुडपात पोचलो असतो. नजर किती लांबची आहे रे तुझी! आज अंदाज चुकला, उद्या चुकणार नाही. पण शंका आली की ओरडत जा हो. फुकट पळणं मला चालेल, गाफील राहणं नाही परवडायचं."

पिल्लाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून पिल्लू पुन्हा ताठ बसलं.

दुपारी सगळी पाण्यावर उतरली, पिल्लू मात्र काठच्या झाडाच्या शेंड्यावर टेहळणीला बसलं. पाडस काठावर होतं, म्होरक्याही खाली वाकून पाणी पीत होता. तेवढ्यात पलीकडच्या करवंदीच्या जाळीत ठिपके हलले. हलले की नुसतं ऊन? पुन्हा हसं झालं तर? पण मावशीचं बोलणं आठवलं आणि त्यानं जीव खाऊन आरोळी ठोकली, "खकर! खकर!"

"आलं पुन्हा वारूळ!" वानरं हसली. हरिणी मात्र क्षणभरही थांबली नाही. पाडसाला ढुशी देत ती धावत सुटली, तिला पाहून कळप उधळला, आणि आपल्या अंगावरून हरणं जाताहेत म्हटल्यावर म्होरक्यानंही झाडावर उडी घेतली. दुसऱ्याच क्षणी बिबट्या काठावर येऊन आदळला. पण तिथं होतं कोण? बिचारा हात हलवत, म्हणजे शेपटी हलवत, परत गेला!

म्होरक्या शेंड्यावर चढला. तो पिल्लाला कुशीत ओढून त्याचे केस विंचरू लागला. "शाब्बास रे माझ्या वाघा! मघाशी मी फार टाकून बोललो. आज तुझ्यामुळे जिवंत आहे मी."

"बाबा, मी तर ओरडणारच नव्हतो," पिल्लू म्हणालं. "मावशी चांगलं बोलल्या, म्हणून धीर झाला."

ते ऐकून म्होरक्या सरसर खाली उतरला आणि साऱ्या टोळीदेखत हरिणीपुढे हात जोडून उभा राहिला.

तात्पर्य : लेकराची चूक दाखवावी, पण आधी त्याच्या धडपडीचं कौतुक करावं; मायेच्या दोन शब्दांनी त्याला जो धीर येतो, तोच पुढे सगळ्यांना तारतो.