झांजा आणि यंत्रोबा

गावात वीज नवी नवी आली होती, तेव्हाची ही कहाणी. देवीच्या देवळात पितळी झांजांची एक जोडी होती. त्या वर्षी गावच्या शेठनी देवीला आरतीचं यंत्र वाहिलं. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांज, सगळं आपोआप. यंत्रावर शेठचं नाव मात्र देवीच्या नावापेक्षा मोठं होतं.

यंत्र झांजांना म्हणालं, "सोमवारी तुम्ही मोडीत निघणार. गुरव सांगत होते."

"देवीची इच्छा," झांजा म्हणाल्या. "पण यंत्रोबा, दुसऱ्या कडव्याला माणसं अडखळतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी कशाला बघू? मला थांबता येत नाही."

शुक्रवारी भर आरतीत वीज गेली. यंत्र गप्प झालं, आणि देऊळही गप्प. सगळ्यांचे ओठ हलत होते, आवाज कुणाचाच नव्हता.

"अगंबाई," सुभद्राकाकू म्हणाल्या, "मला वाटलं, बाकीचे म्हणतायत."

"महिनाभर मलाही तेच वाटतंय, काकू," शेठ खाली बघत म्हणाले.

गुरवांनी धूळ पुसून झांजा हाती घेतल्या. काकूंनी सूर धरला. दुसऱ्या कडव्याला सगळे अडखळले, तशा झांजा जोरात वाजल्या आणि शब्द आठवेपर्यंत सगळ्यांची लाज राखत राहिल्या.

तेवढ्यात वीज आली. यंत्र खडखडलं, तसं शेठनी स्वतः उठून बटण बंद केलं.

सोमवारी मोडवाला रिकाम्या हाताने परतला. त्या संध्याकाळी आरती संपल्यावर यंत्र हळूच म्हणालं, "झांजाबाई, आरती इतकी गोड असते होय? मला आजवर ऐकूच आली नव्हती."

झांजांना देवी पावली, तशी यंत्रोबालाही पावो.