ठकूनं घातलेली अट

डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणावर एक इवलंसं गाव होतं. पावसाळ्यात नदी फुगली की वाट बुडायची, वाफे वाहून जायचे, आणि पोरंसोरं कोरडी भाकरी मिठाशी खायची. त्या गावात ठकू राहायची. आई-बाप नव्हते. होती एक आंधळी आत्या नि गळकी झोपडी.

यंदा मात्र ठकू हट्टाला पेटली. "पावसाळ्यात भाजी नाही म्हणजे काय? बघतेच मी!"

कडक उन्हात तिनं कारल्याच्या चकत्या पसरल्या. कोवळी गवार मिठाच्या ताकात बुडवून वाळत घातली. मेथीचा हिरवा रंग उडू नये म्हणून ती सावलीला ठेवली. अंगण कसं नक्षीदार गोधडीसारखं दिसू लागलं! लोक हसले, "पाचोळा वाळवतेय पोर!"

"हसा खुशाल!" ठकू फणकारली.

एवढ्यात भोपळ्याच्या वेलावर काहीतरी लुकलुकलं. कोळ्याच्या जाळ्यात चिमुकली परी अडकली होती! पंख हळदीसारखे पिवळेधमक, डोळे दवबिंदूंसारखे. ठकूनं तिला अलगद सोडवलं.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "तुझं भाजीचं मडकं कधीच रितं होणार नाही, असा वर देते. पण अट आहे हं. त्यातली चिमूटभरही दुसऱ्याला द्यायची नाही."

"मग नको मला."

"परीला नाही म्हणतेस?"

"म्हणते! शेजारचं लेकरू उपाशी, नि मी चवीनं जेवू? तुझा वर तुझ्यापाशी ठेव. मला माझे हात आहेत."

परी चकित झाली आणि भुर्रकन उडून गेली.

ठकू राबत राहिली. आत्या चकत्या मुठीत घेऊन रोज कानाशी हलवायची. एके दिवशी म्हणाली, "खुळखुळल्या गं! भर आता." ठकूनं मडकं भरलं, तोंडाला फडकं बांधलं.

पाऊस कोसळला. वाट बुडाली. शेजारच्या भागूमावशीचा तान्या तापातून उठला होता, कोरडी भाकरी त्याला गिळवेना. ठकूनं गवार भिजवली, लसणाची खमंग फोडणी दिली. तान्यानं बोटं चाटून चाटून खाल्लं! मग घरोघरी मूठ मूठ गेली. बघता बघता मडक्याचा तळ लागला.

ठकू पावसात उभी राहिली नि आभाळाकडे बघून ओरडली, "संपलं तर संपलं! पुन्हा वाळवीन!"

ढग फाटला. पिवळ्या पंखांची परी खाली उतरली. "ठकू, आता अट नाही. माग."

"अट आहे!" ठकू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "या खेपेला माझी. जे देशील ते सगळ्यांच्या दारात दे."

परी खळाळून हसली. हसता हसता तिचे पंख वितळले, अंग वितळलं, आणि सोनेरी ऊन होऊन ती घराघराच्या अंगणात सांडली. ऊन पडलं तिथं वेल सळसळले. छपराछपरावर कारली नि भोपळे लोंबू लागले!

बाया विळ्या घेऊन धावत बाहेर आल्या. मधोमध ठकू उभी होती.

"पातळ कापा गं," ती ठसक्यात म्हणाली, "ऊन आपल्यासाठी थांबलंय!"