गाठोड्यात बांधलेला धूर

“पंखेवाल्या, पुन्हा खोकलास तर कायमचा घरी बस!”

शेरणगडचे रुद्राजीराव महाराज भर दरबारात गरजले. बिचारा हैबती! गादीवरचा मोठा पंखा दोरीने ओढायचा, हे त्याचं काम. महाराज गुडगुडी ओढायचे, हैबती पंखा ओढायचा, आणि धूर सगळा हैबतीच्या नाकात. खोकला दाबून दाबून त्याचे डोळे लालबुंद व्हायचे, पण खोकला काय राजाज्ञा ऐकतो होय!

आता गंमत बघा. कचेरीत, बाजारात, कारखान्यात, जिथे म्हणून चार माणसं जमतात तिथे कुणी धूर काढायचा नाही, हा कायदा खुद्द महाराजांनीच केला होता! कारकुनांच्या चिलमी जप्त झाल्या, सरदारांचे हुक्के माळ्यावर गेले. राज्यात एकच गुडगुडी उघड उघड गुडगुडत राहिली. ती कुणाची, हे बोलायची कुणाची टाप नव्हती.

बोलली ती हैबतीची बायको. गोजरा तिचं नाव. दरबारातल्या झाडून सगळ्यांचे कपडे हीच नदीवर धुवायची. नवऱ्याची छाती पार पोखरली, वर आता नोकरीही जाणार, हे काही तिला बघवेना. पदर खोचून ती तडक दरबारात आली.

“सरकार, कायदा तुमचा, मग गुडगुडी कुनाची?”

सरदारांनी जीभ चावली! महाराज मात्र मिशीत हसले. “माझीच! पण बाई, माझा धूर उठतो तो सरळ छताला जातो. दुसऱ्याला त्याचा काय उपद्रव?”

“समद्यांच्या अंगात शिरतो त्यो!”

“अस्सं? मग उद्या दरबार उठायच्या आत माझा धूर मला परत आणून दे! आणलास तर दरबारात गुडगुडी बंद. नाही आणलास तर नवऱ्याला घेऊन राज्याबाहेर चालू लाग!”

दिवाण त्र्यंबकपंत खुदकन हसले. “धूर काय गाठोड्यात बांधून आणणार आहेस?”

“आता तुमीच म्हनताय तर गाठोड्यातच आनते!” गोजरा म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबाराच्या दारात उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिने त्याचं त्याचं धुतलेलं उपरणं ठेवलं. सगळी उपरणी नदीकाठी कडकडीत उन्हात वाळवलेली. दिवाणांनी मुद्दाम हुंगून पाहिलं, उन्हाखेरीज कसलाच वास नाही. हैबतीलाही तिने एक दिलं. महाराजांनी त्या दिवशी हट्टाने चार चिलमी जास्तच ओढल्या. दरबार उठायची वेळ झाली तशी गोजराने सगळी उपरणी गोळा केली, गाठोडं बांधलं आणि गादीपुढे आणून ठेवलं.

“घ्या सरकार, तुमचा धूर!”

“ही तर धुणी आहेत!”

“जरा वास तर घ्या. सोताची तंबाखू वळखाल न्हवं?”

“ओळखाल म्हणजे? अगं, केवड्यात मुरवलेली तंबाखू राज्यात माझ्याखेरीज कुणाकडे नाही. हजारात ओळखेन!” महाराजांनी वरचं उपरणं नाकाला लावलं आणि ताडकन उठलेच. “चोर! माझी तंबाखू चोरली! कुणाचं हे उपरणं?”

कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून परटीण प्रत्येक घराची वेगळी खूण बिब्ब्याने कोपऱ्यात करते. गोजराने कोपरा उलटला. “तीन ठिपके. दिवाणसायबांचं.”

“महाराज!” दिवाण रडकुंडीला आले. “मुलाबाळांची शपथ, मी जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही!”

“आणि हे?”

“फुली. कोतवालांचं.”

“याला तर आणखी वास! हे कुणाचं?”

“दोन रेघा. माझ्या धन्याचं.” गोजराने हात जोडले. “सकाळी समदी धुतल्याली व्हती, सरकार. आता येक तर अख्खा दरबार चोर हाय, न्हाईतर धूर तुमचा हाय!”

महाराज कात्रीत सापडले, पण हट्टी ते हट्टीच. “धूर कपड्याला लागला असेल. नाकात गेला कशावरून?”

“गळ्यातलं उपरनं धुराला घावलं, आन् त्याच्यावरलं नाक घावलं न्हाई व्हय?”

दरबारात खसखस पिकली. गोजरा पुढे म्हणाली, “आन् आत गेल्याला भाईर येतोच की! दिवाणसायबांच्या नाकातनं, कोतवालांच्या तोंडातनं भाईर पडतो, पंख्याच्या वाऱ्यानं फिरतो, आन् पुन्हा सरकारच्या नाकात. आचाऱ्यानं चव बघितली म्हनून तुमी आमटीचं अख्खं पातेलं वतून द्यायला लावलं. आन् चाळीस मानसांचं उष्टं रोज हितं बसून घेताय की!”

महाराजांनी सावकाश मान वळवून कोतवालाकडे पाहिलं. कोतवाल रोज लसणाची चटणी चापून यायचा, हे गावाला ठाऊक होतं. त्याने घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

“शी, शी, शी!” महाराजांनी गुडगुडीची नळी दूर फेकली. “हरलो, बाई! पण आता मी ओढू कुठे?”

“जितं दुसऱ्या कुनाला श्वास घ्यावा लागत न्हाई, तितं खुशाल वढा.”

महाराज विचारात पडले. देवडीवर पहारेकरी, बागेत माळी, हत्तीखान्यात माहूत. गच्चीवर? छे, तिथे तर राणीसाहेब!

“अगं, असा एक तरी कोपरा आहे का माझ्या राज्यात?”

“नसंल तर बरंच हाय की, सरकार! राज्य मानसांनी भरल्यालं हाय म्हनायचं!”

महाराज असे खदाखदा हसले की पगडी गादीवर घसरली. “हैबती, तुझी नोकरी कायम! आणि गोजरा, ही चांदीची गुडगुडी तुझी. सोनाराकडे ने आणि नवऱ्याला पाणी प्यायला हिचा तांब्या करून घे!”

“करते, सरकार,” गोजरा म्हणाली. “पर आधी राखेनं दोनदा घासते. तुमची उष्टी हाय!”