सुईणीची वाट

कातळशीहून मुणगोळीला जाणारी ही पायवाट बघितली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी माळावरून, सरळ गेलं तर अर्ध्या वेळात पलीकडे पोचता येतं, मग ही वाट कड्याच्या कडेकडेने, खडकांवर चढत-उतरत, एवढे वळसे घेत का जाते? तुम्हीही तेच विचारलंत. विचारा, आम्हाला आवडतं. जरा टेका इथे, दम घ्या, सांगतो.

हिला सुईणीची वाट म्हणतात. ती सुईण मुणगोळीची, नाव शेवंती. दोन्ही गावांत तिच्यासारखा हलका हात कुणाचा नव्हता, असं सांगतात. मधला सगळा सडा मात्र कातळशीच्या दाजीबा खोताचा. त्याने आपल्या आंब्याच्या बागेला जांभ्या दगडाचा पुरुषभर उंच गडगा घातला होता आणि लोकांचं येणं-जाणं बंद केलं होतं. माणूस वाईट नव्हता म्हणे, भित्रा होता. आज चालू दिलं की उद्या वहिवाट पडते आणि परवा लोक हक्क सांगतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण त्याच्या तोंडात कायमची. उन्हाळ्यात लोक होडीने जात-येत. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की खाडीला भलाथोरला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसे.

एका आषाढात कातळशीच्या गाबीतवाडीतली, मच्छीमारांच्या वस्तीतली एक बाई अडली. शेवंती धावत निघाली, तर खोताच्या माणसांनी तिला गडग्यावरूनच परत फिरवलं. खाडीला वळसा घालून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई गेली होती, मूलही गेलं होतं. परतताना शेवंतीने गडग्याच्या दगडावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की या बागेत माझं पाऊल कधी पडणार नाही.

पुढच्याच पावसाळ्यात खोताची सून मनकर्णा अडली. खोताचा गडी मुणगोळीला आला आणि शेवंतीच्या दारात हात जोडून उभा राहिला. "चल गे बाय, खोतान आज तुझ्यासाठी गडगो पाडलो हा."

शेवंती म्हणाली, "आज पाडलो, फाल्या परत रचतलो. त्या बागेत माझो पाय पडाचो नाय. पण त्या पोरीन काय केल्यान? मी येतंय. तू हो फुडे."

आणि ती कड्याच्या अंगाने उतरली. खाली दर्या उसळत होता, वरून पाऊस कोसळत होता. करवंदीच्या मुळ्या धरत, खेकड्यासारखी आडवी सरकत ती दर्यात घुसलेलं सड्याचं सगळं टोक फिरून आली आणि खोताच्या परसात चढली. दोन्ही पाय सोलवटून निघाले होते. तिने ते धुतले नि आत गेली. दिवेलागणीच्या आत मनकर्णा मोकळी झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

खोताने सुपात तांदूळ, नारळ, नवं लुगडं आणि वर सोन्याची पुतळी ठेवून सूप तिच्यापुढे केलं. शेवंतीने हातसुद्धा लावला नाही. "माका वाट व्हयी, खोतानू," एवढंच म्हणाली.

सगळ्या पडवीसमोर मागितलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. खोताने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "जंयसून इलंस, ती वाट तुझी. बाकी जमिनीत पाऊल नाय." शेवंती ज्या कड्यावरून आली होती तेवढाच तिला देऊन तो मनात हसत होता. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं काम झालं होतं. त्या कड्यावरून दुसरं कोण जाणार होतं?

खोत चुकला तो इथेच. दसरा झाल्यावर शेवंती पुढे आणि दोन्ही गावं पहार-कुदळी घेऊन मागे, अशी सगळी कड्यावर आली. तिने पाय ठेवला होता तिथे पायरी, हात टेकला होता तिथे खाच. एक वळण टाळलं असतं तर खोताचा शब्द मोडला असता, म्हणून कुणी एक हातही वाट सरळ केली नाही. दुपारी पेजेचं मडकं डोक्यावर आणि मुलीला छातीशी घेऊन खुद्द मनकर्णा कामकऱ्यांना वाढायला आली. सासरा ओटीवरून बघत राहिला, सुनेला अडवायची त्याची छाती झाली नाही. पुढे म्हातारपणी तोही एकदा ही वाट चालला म्हणे, आणि म्हणाला, "जलम हयसर गेलो, पण दर्या असो कधी बघूक नाय."

तेव्हापासूनची रीत अशी, की पावसाळ्यानंतर वाट साफ करताना पहिला कोयता त्या वर्षी ज्याच्या घरी मूल जन्मलं त्याने चालवायचा. जन्मामुळे मिळालेली वाट ना ही.

मध्यंतरी काही मंडळी नकाशा घेऊन आली. सड्यावरून रुंद रस्ता, टोकापर्यंत गाड्या, पुढे मोठं हॉटेल. तेव्हा गाव रिकामं व्हायला लागलं होतं. तरुण पोरं मुंबईला गेलेली, सलग काही वर्षं पाळणा हलला नव्हता आणि पहिला कोयता माझ्यासारखे म्हातारे चालवत होते. रस्ता घ्या, असं पुष्कळांचं मन म्हणत होतं, माझंही. पण ग्रामसभेत बायका उठल्या आणि म्हणाल्या, वाट आहे तशीच राहील, ज्यांना यायचंय त्यांनी पायी यावं. मग आम्ही पायऱ्या नीट केल्या, घरातल्या खोल्या सारवल्या, पाहुण्यांना कुळथाची पिठी आणि भात वाढायला लागलो. पाहुणे आपला कचरा आपल्या पिशवीतून परत नेतात, झाडाची फांदीही मोडत नाहीत. हळूहळू चार घरची पोरं परतली, संसाराला लागली.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाट साफ होते. यंदा मात्र पहिल्या कोयत्यावरून जुंपली, कारण कातळशीत एक पाळणा हलला आणि मुणगोळीतही एक. कुणी मागे हटेना. शेवटी दोन्ही बापांनी आपापल्या टोकाकडून सुरुवात केली. घामाघूम होऊन ते मधोमध समोरासमोर आले, तेव्हा सगळा कडा माणसांनी भरला होता आणि लोक नाचत होते. मी तर रडलो. लाजायचं काय त्यात?