राजाचे शंभर खिळे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही.

त्या राजाच्या पागेत तीनशे घोडे होते आणि एक हट्टी रीत होती. खंडेनवमीला, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, साऱ्या घोड्यांना नवे नाल ठोकायचे, म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीत ते एकसारखे चमकतील. नालबंद होते चौघे. त्यांना घाम पुसायलाही फुरसत नसे.

मग पंधरा दिवसांत आठ-दहा घोडे लंगडायला लागत. पागेचा कारभारी म्हणे, हे अपशकुनी निघाले. त्यांच्या शेपटीचा गोंडा कापायचा, मागच्या दरवाजानं हाकलून द्यायचं आणि दवंडी पिटायची, की आजपासून हे घोडे राजाचे नाहीत. लोक भीतीनं त्यांना पाणीसुद्धा पाजत नसत.

गडाखालच्या माळावर एक म्हातारी राहायची. तिचा नवरा पागेत नालबंद होता. एका दिवसात इतके घोडे होत नाहीत, असं तो एकदा बोलला आणि त्याची नोकरी गेली. पुढं तोही गेला, पण त्याची सांडशी, त्याची कानस आणि त्याचा राग म्हातारीकडं राहिला.

दिवाळी जवळ आली की ती ओढ्याकाठच्या बाभळींत कापल्या शेपटीचे घोडे शोधत फिरायची. घोडा मिळाला की आधी पाणी, मग चारा, मग त्याचा पाय आपल्या मांडीवर. दर वेळी तेच. घाईत ठोकलेला खिळा खुरातून आत जिवंत मांसात घुसलेला. ती तो उपटायची, पू काढायची, कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची आणि खिळा फडक्यात बांधून ठेवायची.

घोडा बरा झाला की त्याला घर शोधायचं. तिथं तिचा एक नियम होता, आणि त्यात सख्ख्या भावालाही सवलत नव्हती. घोडा हवा त्यानं सात दिवस रोज यायचं, आपल्या हातानं पाणी पाजायचं, लीद काढायची, चारही खूर साफ करायचे. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. गावच्या पाटलानं तिसऱ्या दिवशी गड्याला पाठवलं, तर म्हातारीनं गड्याला सांगितलं, की घोडा तुला हवा असेल तर रोज ये, पाटलाला मिळायचा नाही.

एके वर्षी तिला पांढऱ्या कपाळाची एक घोडी सापडली. बिचारी तीन पायांवर उभी होती. म्हातारीनं तिचं नाव पाकोळी ठेवलं. चार महिन्यांत ती धावायला लागली, आणि डोंगरापलीकडच्या सुइणीनं सात दिवस येऊन तिला नेलं. सुइणीवर पाच वाड्यांची बाळंतपणं होती. पायी जाताना तिला कधी कधी उशीर व्हायचा, आणि तो उशीर कुठल्या तरी घराला जन्मभर पुरायचा. पाकोळी आल्यापासून तिला एकदाही उशीर झाला नाही.

पुढच्या खंडेनवमीनंतर राजाचा आवडता घोडाच लंगडला. कारभाऱ्यानं त्याचाही गोंडा कापला. राजाला बसायला घोडा हवा होता, आणि पाकोळीची कीर्ती गडावर पोचली होती. कारभारी शिपाई घेऊन माळावर आला. घोडी आण, नाहीतर झोपडी पाडतो म्हणाला. म्हातारी म्हणाली, पाडा, घोडी काही झोपडीत नाही. शेवटी तिलाच राजासमोर उभं केलं.

"घोडी माझी आहे," राजा म्हणाला.

"होती," म्हातारी म्हणाली. "ती तुमची नाही ही दवंडी तुम्हीच पिटवलीत, महाराज. मी काही बहिरी नाही."

कारभारी मध्येच बोलला, की आता अपशकुन उतरला असेल तर घोडी परत घ्यायला काय हरकत आहे. तेव्हा मात्र म्हातारीचं डोकं फिरलं. तिनं फडकं सोडलं आणि सारे खिळे राजाच्या पायाशी ओतले. शंभरावर होते, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पागेचा शिक्का होता.

"हे बघा तुमचे अपशकुन. तुमच्या हौसेपायी त्या जिवांच्या पायांत ठोकलेले. घोडी मिळणार नाही. मला कोठडीत टाका, पण पाकोळी सुइणीपाशीच राहील."

राजानं वाकून एक खिळा उचलला, त्याच्या माथ्यावरचा शिक्का पाहिला. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "यात माझ्या घोड्याचा खिळा आहे?"

"सगळ्यांत वरचा. परवा काढला. घोडा माळावर आहे."

"तो मला मिळेल?"

"सात दिवस यावं लागेल."

पहिल्या दिवशी राजा छत्री धरणारा घेऊन आला. म्हातारीनं छत्रीवाल्याला परत पाठवलं. राजानं पाणी भरलं, लीद काढली, खूर साफ केले. चौथ्या दिवशी दरबार लांबला आणि तो आलाच नाही. पाचव्या दिवशी आला, तेव्हा म्हातारी म्हणाली, आज पहिला दिवस. राजाचा चेहरा लाल झाला, पण त्यानं बादली उचलली. अकराव्या दिवशी त्याला घोडा मिळाला.

तेव्हापासून पागेत नाल ठोकायला महिनाभर आधी सुरुवात होऊ लागली, आणि प्रत्येक घोड्याचा पाय मांडीवर घेऊन तपासायचं काम कारभाऱ्याकडं आलं. मागचा दरवाजा राजानं चिणून टाकला.

राजा आलाच नसता तर काय केलं असतंस, असं लोक म्हातारीला विचारत. ती म्हणे, "काय करायचं? त्या घोड्यासाठी गावचा कुंभार वाट बघत बसलाच होता."

तात्पर्य: टाकून दिलेल्या जिवावरचा हक्क हुकमानं परत मिळत नाही, तो आपल्या हातांनी कमवावा लागतो.